स्कायडायव्हिंगसाठी विंड टनेल: पहिली पंधरा मिनिटं नीट कशी वापरायची

दुबई, स्पेन, थायलंड नाहीतर अमेरिकेला स्कायडायव्हिंगचं लायसन करायला निघालेली बरीच मराठी मुलंमुली हल्ली एकच प्रश्न विचारतात, आधी टनेल (खालून येणाऱ्या जोरदार वाऱ्यावर तरंगायचा उभा काचेचा बोगदा) करू का, आणि करायचा तर किती मिनिटं घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे. टनेल नक्की करा, पण मिनिटं कमी घ्या आणि दोन फ्लाइटच्या मधला जो वेळ असतो ना, बाहेर बेंचवर बसून व्हिडिओ बघायचा, कोचशी बोलायचा, तो वेळ जास्त घ्या. वाऱ्यात असताना शरीर नुसतं रिअ‍ॅक्ट करत असतं, काय झालं हे डोक्यात शिरतं ते बाहेर आल्यावर. तासाचा ब्लॉक स्वस्त पडतो म्हणून तो बुक करून सलग उडत राहणारे लोक मी खूप बघितलेत, आणि पंधराच मिनिटं पण नीट कोचिंग घेऊन त्यांच्या पुढे गेलेलेही तेवढेच बघितलेत.

आधी हिशोब समजून घ्या. साधारण १३००० फुटांवरून उडी मारली की फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट उघडायच्या आधीचं पडणं, मिळतो मिनिटाच्या आतबाहेर, त्यातली पहिली दहा सेकंद वेग पकडण्यात जातात, शेवटची काही सेकंद पॅराशूट उघडायच्या तयारीत, म्हणजे शिकायला हातात राहतं ते अर्धं-पाऊण मिनिट. त्यासाठी विमानाचं तिकीट, पॅकिंग, वाऱ्याची वाट बघणं, हे सगळं. टनेलमध्ये दहा मिनिटं म्हणजे दहापेक्षा जास्त उड्यांचा फ्रीफॉल, तोही एका दुपारी आणि कोच समोर हातभर अंतरावर. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर पहिली उडी मारली तेव्हा भारतात टनेल नावाची गोष्टच नव्हती. आता हैदराबादला ग्रॅव्हिटीझिप आहे, मुंबई-पुण्याहून वीकेंडला जाऊन येता येतं.

टनेल चालतो कसा

हे कळलं की भीती निम्मी कमी होते. पंखे खाली नसतात, वर असतात. ते हवा वर खेचतात, मग ती बाजूच्या शाफ्टमधून खाली आणून परत चेंबरमध्ये सोडतात, गोल फिरत राहते. तुम्ही उडता तो काचेचा चेंबर हा सगळ्यात अरुंद भाग, म्हणून तिथे हवेचा वेग सगळ्यात जास्त, त्याच्या वर टनेल रुंद होत जातो आणि वेग कमी होत जातो, म्हणून कोणी चुकून वर गेलं तरी तिथे हवेचा जोर कमी पडतो आणि माणूस परत खाली येतो. पायाखाली तारांची ताणलेली जाळी असते. बाहेर काचेमागे कंट्रोलर बसलेला असतो, तो वेग कमी-जास्त करतो आणि त्याचा डोळा सतत तुमच्यावर आणि इन्स्ट्रक्टरच्या हातावर असतो.

पोटावर उडताना आकाशात आपण साधारण ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगाने पडतो, टनेलमध्येही हवा तेवढीच लागते, नवीन माणसासाठी थोडी कमी ठेवतात. डोकं खाली करून उडणारे २५० च्या पुढे नेतात. माणूस अशा उभ्या वाऱ्यात पहिल्यांदा उडाला तो १९६४ मध्ये, अमेरिकेच्या राइट-पॅटरसन हवाई तळावर. स्कायडायव्हर्सच्या ट्रेनिंगला खरा वेग आला तो १९९८ ला ऑर्लँडोत स्कायव्हेंचर सुरू झाल्यापासून, आणि २०१५ मध्ये प्रागला इनडोअर स्कायडायव्हिंगची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, म्हणजे आता हा स्वतःच एक खेळ आहे. सिंगापूरची कायरा पो लहानपणापासून सेंटोसाच्या टनेलमध्ये वाढली, वर्ल्ड लेव्हलला गेली, आणि विमानातून उडी नंतर मारायला लागली.

कुठे आणि कुठलं पॅकेज

ज्या ड्रॉपझोनला (जिथे विमानातून उड्या मारतात ते केंद्र) कोर्स करणार त्याच्या शेजारी टनेल असेल तर डोळे झाकून तिथे जा. स्पेनला एम्पुरियाब्रावाला विंडूर आहे ड्रॉपझोनला लागूनच, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेरिस व्हॅलीला आणि अ‍ॅरिझोनातल्या एलॉयला तसंच, दुबईत इनफ्लाइट आहे. फायदा असा की तिथले टनेल कोच आणि एएफएफ (अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल, म्हणजे लायसनसाठी उडी शिकवणारा कोर्स) इन्स्ट्रक्टर एकमेकांना ओळखतात, सकाळी टनेलमध्ये काय बिघडलं ते दुपारी विमानात तुमच्या इन्स्ट्रक्टरला माहीत असतं. अबू धाबीला क्लाइंबचा चेंबर ३२ फूट रुंद आहे, बघायला भारी वाटतो, पण नवीन माणसाला रुंदीचा काही उपयोग नाही, उलट १२-१४ फुटांच्या चेंबरमध्ये कोच जवळ राहतो आणि तुम्ही सरकलात की लगेच कळतं.

बुकिंग करताना दोन शब्द लक्षात ठेवा. टुरिस्टसाठी जे दोन फ्लाइटचं पॅकेज असतं ते वेगळं, त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून मजा करवतो आणि शिकवायला वेळच नसतो. तुम्हाला हवा स्टुडंट किंवा एएफएफ प्रेप, आणि त्यात कोचिंगचे पैसे धरलेत का वेगळे आहेत, ब्रीफिंग आहे का, व्हिडिओ मिळतो का, हे मेसेज करून विचारून घ्या. वीकडेला सकाळी किंवा रात्री उशिरा बहुतेक ठिकाणी स्वस्त असतं. अजून एक, ब्लॉक दुसऱ्या कोणाशी शेअर करता आला तर करा, तुम्ही दीड-दोन मिनिटं उडा, बाहेर या, तो उडेल, परत तुम्ही. पैसे ज्याचे त्याचे, पण विश्रांती आणि विचार करायला वेळ आपोआप मिळतो. पंधरा मिनिटं एकट्याने घेतली तर तेवढी उसंत मिळतेच असं नाही आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला खांदे बोंबलायला लागतात.

जायच्या आधी घरी

खांदा आधी कधी निखळला असेल तर टनेलला स्पष्ट सांगा, बऱ्याच ठिकाणी उडू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे, कारण वारा हात मागे आणि वर ढकलतो. मान-पाठीचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. वजनाची मर्यादा प्रत्येक टनेलची वेगळी असते, वेबसाइटवर लिहिलेली असते.

घरी जमिनीवर पोटावर झोपून आर्च करायची सवय लावा. कंबर जमिनीला दाबायची, छाती आणि गुडघे उचलायचे, हनुवटी वर, हात खांद्याच्या रेषेत कोपरात काटकोन करून. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा मिनिट, एवढं पुरे. हे करताना तोंडाने मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास चालू राहतो. ही फालतू वाटणारी गोष्ट आहे पण टनेलमध्ये पहिल्या फ्लाइटला बहुतेक सगळे श्वास धरून ठेवतात, आणि श्वास धरला की अख्खं अंग लाकडासारखं होतं, मग वारा तुम्हाला कसाही फेकतो.

कपडे साधे, घट्ट लेसचे बूट, जंपसूट आणि हेल्मेट तिथेच मिळतात. कानात फोमचे इअरप्लग घालाच. खिसे रिकामे, अंगठी, चेन, कानातले, मंगळसूत्र सगळं लॉकरमध्ये. त्या वेगात सुटलेली वस्तू चेंबरमधल्या सगळ्यांसाठी धोक्याची असते. केस लांब असतील तर वेणी घालून सूटच्या आत.

हाताच्या खुणा

आत बोलणं अशक्य, इतका आवाज असतो. त्यामुळे खुणा पाठ करून जा, थोडाफार फरक असला तरी जगभर याच चालतात. दोन बोटं सरळ म्हणजे पाय लांब करा. तीच दोन बोटं वाकवलेली म्हणजे पाय आत घ्या. अंगठा खाली म्हणजे कंबर पुढे, आर्च वाढवा. अंगठा आणि करंगळी बाहेर काढून हात हलवला म्हणजे सैल सोडा, श्वास घ्या. हनुवटीखाली बोट वर करून दाखवलं की मान वर. खूण बघितल्यावर तुम्ही मान डोलवू नका, नुसतं ते करा. मान डोलवली की अख्खं शरीर हलतं.

ते पंधरा मिनिट, एकेक फ्लाइट धरून

पहिली फ्लाइट, एक मिनिट. दारात उभं राहून हात वर घ्यायचे, हनुवटी वर आणि पुढे झुकून स्वतःला वाऱ्यावर सोडायचं. उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं नाही. या फ्लाइटमध्ये काम एकच, श्वास घेणे आणि समोर कोचच्या चेहऱ्याकडे बघणे. खाली जाळीकडे बघितलं की मान खाली, मान खाली की आर्च गेली, आर्च गेली की अस्थिर. बास. कोच तुम्हाला धरून असेल, त्याला धरू द्या.

बाहेर आल्यावर व्हिडिओ बघा, आवाज बंद करून, आणि फक्त पाय बघा. मी हे सगळ्यांना सांगते कारण नव्याण्णव टक्के अडचण पायात असते आणि उडताना पाय दिसतच नाहीत. तुम्हाला वाटत असतं पाय मस्त पसरलेत, व्हिडिओत टाचा बुडाला चिकटलेल्या असतात. असं झालं की माणूस मागे मागे सरकत जातो, याला बॅकस्लाइड म्हणतात, आणि आकाशात हा प्रकार कळतच नाही कारण आजूबाजूला मोजायला काहीच नसतं. टनेलमध्ये काच पाठीला लागते तेव्हा लगेच कळतं.

दुसरी फ्लाइट, दीड मिनिट, विषय फक्त पाय. पायाची बोटं बाहेर ताणायची, नडगीवर हवा लागतेय हे जाणवलं पाहिजे. चांगला कोच इथे तुमच्या नडगीवर बोट दाबतो, मग बोट उचलतो, आणि तुम्ही तोच दाब हवेने जाणवायला शोधता. हे एकदा सापडलं ना की पुढचं अर्धं काम झालं. पाय लांब केले की पुढे सरकता, आत घेतले की मागे. एक पाय जास्त आत आणि दुसरा बाहेर असला की हळूहळू फिरायला लागता, आणि त्याच्यावर माणूस हाताने उपाय करत बसतो, मग अजून फिरतो. हाताने काही करू नका, आधी दोन्ही पाय सारखे करा.

तिसरी आणि चौथी, वर-खाली. जास्त आर्च केली की वेगाने पडता, म्हणजे टनेलमध्ये खाली जाळीकडे जाता. आर्च सोडून छाती थोडी आत घेतली, हातपाय पसरले की वर येता. कोच एका उंचीवर थांबेल आणि तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या पातळीला राहायचं. पहिल्यांदा सगळेच पाण्यातल्या रबरी चेंडूसारखे वरखाली होतात, कारण बदल मोठा करतात. निम्मा करा, मग त्याच्याही निम्मा करा, आणि केल्यावर एक सेकंद थांबा, हवेला उत्तर द्यायला वेळ लागतो.

इथे चार फ्लाइट झाल्या की मी लोकांना मुद्दाम दहा-पंधरा मिनिटं थांबवते. पाणी प्या, केळं खा. दंडाचा मागचा भाग आणि मान दमलेली असते, आणि दमलेलं शरीर चुकीची गोष्टच पक्की करतं.

पाचवी आणि सहावी, वळणं. डावीकडे वळायचं तर डावं कोपर किंचित खाली, उजवं किंचित वर, दोन इंच पुरे. वळायला सुरुवात करणं सोपं आहे, थांबवणं अवघड. ९० अंश वळा आणि उलट इनपुट देऊन थांबा, मग परत मध्यात या. गोल गोल फिरायला मजा येते, काच-लोक-काच दिसत राहतं, पण परीक्षेत तुम्हाला ठरलेल्या दिशेला थांबायचं असतं. एएफएफच्या लेव्हलमध्येही वळण सुरू करून ठरलेल्या दिशेवर थांबवणं हेच बघतात.

सातवी, आठवी, मिनिटं उरली असतील तर पॅराशूट उघडायची नक्कल. ही माझ्या मते एएफएफवाल्यासाठी टनेलची सगळ्यात मोलाची दोन मिनिटं. हँडल रिगच्या (पाठीवरच्या पॅराशूटच्या बॅगेच्या) खाली उजव्या बाजूला असतं, उजवा हात तिकडे मागे जातो, आणि एकच हात मागे नेला की तुम्ही कलंडता, म्हणून त्याच वेळी डावा हात डोक्याच्या पुढे आणायचा. पाय तसेच, नजर समोर. हात मागे, स्पर्श, परत बॉक्स पोझिशन, म्हणजे कोपरं काटकोनात असलेली मूळ स्थिती. हे पुन्हा पुन्हा करा, आणि जमलं तर कोचला सांगून आधी मनगटाकडे बघायची सवय लावा, अल्टिमीटर (उंची दाखवणारं मीटर) बघा, हात मागे, परत. मनगटाला अल्टिमीटर नसला तरी बघा.

वेळ राहिला नाही तर सातवी-आठवी पुढच्या दिवशी करा. एका दिवसात सगळं कोंबू नका. एक झोप झाल्यावर दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट अचानक सोपी वाटते, हे मी इतक्या जणांचं बघितलंय की आता कोणी एका दिवसात अर्धा तास मागितला तर मी दोन दिवसांत वाटून द्यायला सांगते.

कोच कसा ओळखायचा

मेडल किती आहेत त्यापेक्षा तो फ्लाइटच्या आधी काय बोलतो ते बघा. चांगला कोच प्रत्येक फ्लाइटला एक गोष्ट देतो, फार तर दोन. जो आत जाण्याआधी सहा सूचना देतो त्याच्या हाताखाली पैसे जातात. बाहेर आल्यावर तो आधी तुम्हाला विचारतो, काय वाटलं, आणि मग व्हिडिओ लावतो. आत असताना तो तुम्हाला हळूहळू सोडत जातो. शेवटच्या फ्लाइटलाही जर तुमच्या सूटचा ग्रिप धरून ठेवला असेल तर बाहेर येऊन विचारा, का धरलं होतं, कधी सोडणार. विचारायला अजिबात संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

आयबीए नावाची संस्था टनेल फ्लाइंगचे लेव्हल ठरवते, बऱ्याच टनेलमध्ये तुमचं अकाउंट उघडून स्किल साइन करून देतात. ते करून घ्या, दुसऱ्या देशात, दुसऱ्या टनेलमध्ये गेलात तर परत शून्यापासून सिद्ध करत बसावं लागत नाही.

लायसननंतर

पोट पक्कं झालं की पाठ. लोकांना उभं उडायचं असतं, उलटं उडायचं असतं, पाठीवर उडणं कोणाला ग्लॅमरस वाटत नाही, पण बाकी सगळ्या पोझिशनमध्ये बिघडलं की तुम्ही येऊन पडता ते पाठीवर किंवा पोटावरच. पाठीवर आरामात श्वास घेत राहता आलं तरच पुढे सिट (बसल्यासारखं उडणं) आणि मग हेड-डाउन (डोकं खाली करून उडणं).

सिट किंवा हेड-डाउनमध्ये वाऱ्याचा वेग जास्त असतो, आणि त्या वेगात तुम्ही गडबडून पोटावर आलात की अंगाचं क्षेत्रफळ एकदम वाढतं आणि तुम्ही वर फेकले जाता. टनेलमध्ये कोच पाय धरून खाली ओढतो. आकाशात कोणी नसतं, तिथे तुम्ही २५० वरून १९० वर येता आणि तुमच्या वरून येणारा माणूस तुमच्या अंगावर येतो. म्हणून हे आधी टनेलमध्ये शिका, आणि बाहेर पडायचा सुरक्षित मार्ग आधी शिका, पोझ नंतर.

टीममध्ये फोर-वे, म्हणजे चौघांनी मिळून हवेत ठरलेल्या रचना, करायची आवड असेल तर टनेल म्हणजे घरच. चौघांनी मिळून ब्लॉक घ्यायचा, आधी जमिनीवर चालून प्रत्येक फॉर्मेशन करायचं, मग आत. स्पर्धेत एका राउंडला ३५ सेकंद असतात, त्यामुळे सुरुवातीपासून ३५ सेकंदांचे तुकडे करून सराव करा, दोन मिनिटं सलग करत बसू नका.

टनेल जे शिकवत नाही

इथे मी जरा कडक बोलणार आहे. टनेलमध्ये उंची कमी होत नाही. आकाशात टर्मिनल वेगाला (पडताना पुढे न वाढणारा वेग) साधारण साडेपाच सेकंदांत हजार फूट जातात. टनेलमध्ये तासन्‌तास उडलेल्या माणसाला फ्रीफॉल इतका आरामाचा वाटतो की तो समोरच्याकडे बघून हसत राहतो आणि उंची विसरतो. अमेरिकेच्या यूएसपीए या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नियमात विद्यार्थी आणि ए लायसनवाल्याने (ए म्हणजे सगळ्यात पहिलं लायसन) किमान ३००० फुटांवर पॅराशूट उघडायला हवं, आणि ३००० हा शेवटचा आकडा आहे, प्लॅन त्याच्या बराच वर करायचा. टनेल चांगला येतो म्हणून पहिल्याच उड्यांना फ्रीफ्लाय (सिट, हेड-डाउन असं उडणं) करायला जाऊ नका.

विमानातून बाहेर पडणं टनेलमध्ये नाही, तिथे पहिली काही सेकंद वारा खालून नाही समोरून येतो. ट्रॅकिंग नाही, म्हणजे उघडायच्या आधी एकमेकांपासून लांब सरकणं, त्याला जागा लागते. पाठीवर रिग नाही, तिचं वजन आलं की तोल बदलतो. आणि कॅनपी, म्हणजे उघडलेलं पॅराशूट चालवणं, तर अजिबातच नाही, हाडं मोडतात ती बहुतेक लँडिंगला. ए लायसनला किमान २५ उड्या लागतात त्या लागतातच, टनेलच्या मिनिटांनी त्यातली एकही कमी होत नाही. बजेट मर्यादित असेल तर अर्धा तास टनेल आणि कॅनपीचा कोर्स यात मी कॅनपीचा कोर्स निवडेन.

टनेलनंतर शक्यतो महिन्याच्या आत उडी मारा, अंगात आहे तोवर. ड्रॉपझोनला पोचल्यावर एएफएफ इन्स्ट्रक्टरला टनेलचे व्हिडिओ दाखवा, चांगला आणि वाईट दोन्ही, म्हणजे तुमचे पाय कुठे बिघडतात ते त्याला आधीच कळेल. पहिल्या उडीचा प्लॅन टनेलमध्ये जमलं त्यापेक्षा एक पायरी सोपा ठेवा, आणि लॉगबुकात टनेलची मिनिटं वेगळ्या पानावर लिहा, उड्यांच्या आकड्यात मिसळू नका.